यादीतून गाळलेलं पहिलं गाणं

द क्युअर या इंग्लिश बँडचा 'स्टँडिंग ऑन अ बीच' हा सिंगल्सचा संग्रह 1986 च्या मे महिन्यात आला, आणि त्यातलं पहिलंच गाणं असं आहे की ज्याच्यावरून इतक्या वर्षांनीही भांडण मिटलेलं नाही. गाण्याचं नाव 'किलिंग ॲन अरब'. नाव ऐकून माणूस दचकतो, आणि दचकायलाच पाहिजे. गेले काही दिवस हा संग्रह मी परत पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओळीने ऐकतोय, मधलं काही न गाळता, आणि जितकं ऐकतोय तितकं माझं मत पक्कं होत चाललंय की या गाण्याच्या बाबतीत 1987 साली जे केलं ते निदान बरोबर दिशेला होतं आणि नंतर जे होत गेलं ते चूक होतं. 1987 साली रेकॉर्डवर एक स्टिकर लावला. पुढे गाणंच यादीतून गायब केलं, स्टेजवर शब्द बदलले. माझं म्हणणं सरळ आहे, गाणं परत पहिल्या नंबरवर आणा आणि सोबत चिठ्ठी पण लावा, फक्त आधीपेक्षा खरी चिठ्ठी लावा.

आपल्याकडे बऱ्याच जणांना हा बँड माहितीये तो 'फ्रायडे आयम इन लव्ह'मुळे, म्हणजे 1992 चं गाणं, केबल टीव्ही घराघरात आला त्या काळातलं. विस्कटलेले केस, फासलेली लिपस्टिक, रडवेला आवाज असा रॉबर्ट स्मिथ डोळ्यासमोर येतो. त्याच माणसाचं पहिलं सिंगल या नावाचं होतं हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून आधी थोडी हकीकत सांगतो.

लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचं गाव आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने आखून वसवलेलं. तिथली ही शाळेतली पोरं. रॉबर्ट स्मिथ गिटार आणि गाणं, मायकल डेम्प्सी बेस, लॉल टॉलहर्स्ट ड्रम्स. स्मिथचा जन्म 1959 चा, म्हणजे गाणं लिहिलं तेव्हा तो शाळकरीच, आणि डिसेंबर 1978 मध्ये सिंगल आलं तेव्हा एकोणीस वर्षांचा. पूर्व लंडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाचं स्मॉल वंडर नावाचं छोटं लेबल होतं, त्यांनी ते काढलं, आणि 1979 च्या सुरुवातीला ख्रिस पॅरीच्या नव्या फिक्शन लेबलने पुन्हा काढलं. मागच्या बाजूला 'टेन फिफ्टीन सॅटर्डे नाइट'. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, मार्केटिंग नाही, कोणी ऐकेल अशी आशाही फारशी नाही.

गाणं आलंय फ्रेंच लेखक अल्बेर कामूच्या 1942 च्या कादंबरीतून. मर्सो नावाचा फ्रेंच वसाहतीतला कारकून अल्जीयर्सजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, एका अरब माणसाला गोळ्या घालतो, आणि का घातल्या याचं त्याच्याकडे धड उत्तर नसतं. स्मिथने तो एकच क्षण उचलला. हातात बंदूक, समोर समुद्र, पायाखाली वाळू, मागे फिरायचं की चाप ओढायचा, आणि काहीही केलं तरी फरक पडत नाही ही थंडगार भावना. अडीच मिनिटांच्या आत गाणं संपतं. पुस्तकातून गाणं काढायची या माणसाला सवयच आहे. याच संग्रहातलं 'शार्लट समटाइम्स' मुलांच्या एका कादंबरीवरून आलंय, आणि 1987 मध्ये त्याने बोदलेर या फ्रेंच कवीच्या एका गद्यकवितेचं गाणं केलं. त्यामुळे 'हे साहित्यावरून आलंय' ही काही वाद झाल्यावर सुचलेली सबब नाही, ती खरी गोष्ट आहे. एवढं मी बँडच्या बाजूने ठामपणे म्हणेन.

पण गाणं बाहेर पडलं ते काय हवेत पडलं नाही. 1978-79 चं इंग्लंड म्हणजे नॅशनल फ्रंटचा जोर असलेलं इंग्लंड. मे 1979 च्या निवडणुकीत या उघड वर्णद्वेषी पक्षाने 303 उमेदवार उभे केले होते. ते सपाटून पडले ही गोष्ट वेगळी, पण रस्त्यावर त्यांची दहशत होती आणि ती सगळ्यात जास्त सोसली ती तिथल्या आपल्या लोकांनी, पंजाबी, बंगाली, गुजराती, पाकिस्तानी, आणि कॅरिबियन लोकांनी. दुसरीकडे 1976 पासून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली होती, एरिक क्लॅप्टन बर्मिंगहमच्या स्टेजवरून परदेशी लोकांविरुद्ध बरळला त्यानंतर. म्हणजे संगीत आणि वर्णद्वेष यांचं नातं तेव्हा रोजच्या बोलण्यातला विषय होता. अशा वातावरणात एक नवा बँड या नावाचं गाणं घेऊन येतो, आणि क्युअरच्या सुरुवातीच्या काही गिग्जना नॅशनल फ्रंटची पोरं यायला लागतात, कारण त्यांना वाटतं हे आपलंच गाणं. त्यांनी कामू वाचलेला नव्हता हे उघड आहे, पण नाव तर वाचलं होतं ना. गाण्याचं नाव ही गाण्याची दर्शनी भिंत असते, आत काय आहे ते बघायला प्रत्येकजण दार उघडून येत नाही.

आता 1986. मधल्या सात-आठ वर्षांत बँड कुठून कुठे गेला होता. 'अ फॉरेस्ट'सारखं अंधारं गाणं, मग 1982 पर्यंत अजूनच काळोखं होत जाणं, मग अचानक 'लेट्स गो टू बेड', 'द वॉक', आणि 'द लव्ह कॅट्स', जे ब्रिटनमध्ये सातव्या नंबरपर्यंत गेलं आणि त्यांचं पहिलं टॉप टेन ठरलं. 1985 मध्ये 'इन बिटवीन डेज' आणि 'क्लोज टू मी'. अमेरिकेत कॉलेजची पोरं वेडी व्हायला लागली होती. तर या सगळ्या सिंगल्सचा संग्रह काढायचं ठरलं, एलपीवर तेरा गाणी, सीडीवर सतरा, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बी साइड्स, म्हणजे सिंगल्सच्या मागच्या बाजूची गाणी. कव्हरवर सुरकुतलेल्या चेहऱ्याचा एक म्हातारा, जो कधीकाळी मासेमारी करायचा.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. एलपीचं नाव 'स्टँडिंग ऑन अ बीच' आणि सीडीचं नाव 'स्टेअरिंग ॲट द सी'. ही दोन्ही नावं त्याच वादग्रस्त गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींतून घेतलेली आहेत. किनाऱ्यावर उभा आहे, समुद्राकडे बघतोय, इथपर्यंतचं कव्हरवर आलं. त्याच्या पुढे बंदुकीची नळी आणि जमिनीवरचा माणूस येतो, ते आत राहिलं. म्हणजे संपूर्ण संग्रहाची ओळखच या एका गाण्यावर उभी आहे, दुकानात कव्हर बघणाऱ्याला सुट्टीतला समुद्र दिसतो, आणि सुई टेकवली की पहिल्या मिनिटात खून. मला ही रचना फार प्रामाणिक वाटते. बँडने स्वतःची गोष्ट जिथे सुरू झाली तिथूनच सांगितली, अवघड भाग पुढे-मागे सरकवला नाही.

पण तारीख बघा. 15 एप्रिल 1986 ला अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले, त्रिपोली आणि बेनगाझीवर, आणि मे महिन्यात हा संग्रह दुकानात. त्याच्या आधी सहा-सात महिने, 11 ऑक्टोबर 1985 ला, कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटी या संघटनेच्या ऑफिसचा दरवाजा ॲलेक्स ओडे यांनी उघडला आणि दरवाजाला लावलेला बॉम्ब फुटून ते गेले. ओडे या संघटनेचे पश्चिम किनाऱ्याचे प्रमुख होते. आदल्या रात्री ते टीव्हीवर बोलले होते. त्या खुनासाठी आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही.

आता विचार करा, ज्या संघटनेने वर्षभरापूर्वी स्वतःचा माणूस असा गमावलाय त्यांच्या कानावर येतं की रेडिओवर या नावाचं गाणं वाजतंय आणि काही ठिकाणी ते अरबांना टोमणा म्हणूनच वाजवलं जातंय. त्यांना जाऊन सांगणार का की अहो, आधी फ्रेंच कादंबरी वाचून या? मला त्या काळच्या रॉकप्रेमींचा हा तोरा कधीच पटला नाही, आणि आजही ऑनलाइन या गाण्याखाली जी वाक्यं सापडतात, 'ज्यांना राग येतो ते अडाणी आहेत' छापाची, ती वाचून चीड येते. राग येणारे लोक अडाणी नव्हते, त्यांच्या ऑफिसच्या दारावर बॉम्ब लावला गेला होता.

संघटनेने आक्षेप घेतला, चर्चा झाली आणि 1987 च्या सुरुवातीला एलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीसोबत आणि बँडसोबत तोडगा निघाला. संग्रह मागे घ्यायचा नाही, गाणं काढायचं नाही, पण कव्हरवर स्टिकर लावायचा, आणि रेडिओ स्टेशन्सना सांगायचं की हे वाजवू नका. स्टिकरवरचा मजकूर साधारण असा, की या गाण्यात वर्णद्वेषाचा कसलाही सूर नाही, हे गाणं सर्व प्रकारच्या पूर्वग्रहाचा आणि त्यातून होणाऱ्या हिंसेचा निषेध करतं, आणि अरबांविरुद्धची भावना भडकवायला त्याचा वापर होत असेल तर द क्युअर त्याला धिक्कारतात.

हा तोडगा मला आजही, इतकी वर्षं सगळीकडचे वाद बघून झाल्यावर, फार शहाणपणाचा वाटतो. यात रेडिओ आणि रेकॉर्ड असा जो भेद केला त्यातच सगळं आलं. रेडिओवर गाणं कोणाच्याही कानावर आदळतं, टॅक्सीत, दुकानात, शाळेच्या बसमध्ये, आणि आधी-नंतर कोण काय बोलेल यावर बँडचा काही ताबा नाही. रेकॉर्ड मात्र माणूस हातात घेतो, पैसे मोजतो, घरी नेतो, आणि तिथे चार ओळी छापायला जागा असते. म्हणजे गाण्यावर बंदी नाही पण गाणं मोकाट पण नाही. दोन्ही बाजूंना थोडं गिळावं लागलं. संघटनेला हवं होतं तेवढं मिळालं नाही आणि बँडला आपल्या पहिल्या गाण्यावर खुलासा चिकटवावा लागला, जे कुठल्याच कलाकाराला आवडत नाही.

फक्त त्या स्टिकरवर एक वाक्य चुकीचं आहे. 'हे गाणं पूर्वग्रहाचा निषेध करतं.' नाही करत. गाणं पुन्हा ऐका, त्यात निषेध कुठेही नाही. त्यात एक पोकळ झालेला माणूस आहे ज्याला समोरच्याला मारणं आणि न मारणं सारखंच वाटतं. गाणं त्याला शाबासकी देत नाही आणि रागावत पण नाही, ते त्याच्या डोळ्यातून बघतं आणि संपतं. हीच त्या गाण्याची ताकद आहे आणि हाच त्याचा धोका आहे. कंपनीला घाईघाईत काहीतरी चांगलं वाटेल असं छापायचं होतं म्हणून गाण्याच्या तोंडी सुविचार घातला. खरी चिठ्ठी असती तर म्हणाली असती की हे गाणं खुन्याच्या आतून लिहिलंय, लिहिणारा पोरगा अठराच्या आसपासचा होता, आणि ज्याला मारलं त्याच्याबद्दल हे गाणं काहीच सांगत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थांबायचंय, कारण माझ्या मते खरा वाद इथे आहे आणि बँडचे चाहते आणि टीकाकार दोघंही त्याला वळसा घालून जातात. स्मिथने वर्षानुवर्षं सांगितलंय की गाण्याचा वर्णद्वेषाशी काही संबंध नाही, एकच गोष्ट बदलता आली असती तर नाव बदललं असतं, आणि मेलेला माणूस अरब आहे हा निव्वळ भूगोलाचा भाग आहे, गोष्ट तिकडे घडते म्हणून. नावाबद्दलचा पश्चात्ताप मला खरा वाटतो. पण भूगोलाचा मुद्दा मला मान्य नाही. अल्जीरिया 1830 पासून 1962 पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होता. त्या किनाऱ्यावर गोळी घालणारा फ्रेंच आणि मरणारा अरब असणं हा योगायोग नाही, वसाहत चालते तीच अशी. आणि कादंबरीत मर्सोवर खटला चालतो तेव्हा कोर्टात चर्चा होते ती तो आईच्या अंत्यविधीला रडला नाही याची. ज्याला मारलं त्याचं नाव कोणी विचारत नाही. त्याला नावच नाही. संपूर्ण कादंबरीत तो 'अरब' आहे, बस्स.

कामूला तिथले लोक दिसत नव्हते असंही नाही. 1939 मध्ये त्यानेच कबिलिया भागातल्या उपासमारीवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती, आकडे देऊन, घराघरात जाऊन. म्हणजे पत्रकार कामूला जे दिसलं ते कादंबरीकार कामूने बाहेर ठेवलं, मुद्दाम ठेवलं की मर्सोच्या नजरेला ते दिसतच नाही म्हणून ठेवलं, यावर विद्वान भांडतात. एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी-अमेरिकन समीक्षकाने 1993 मध्ये यावर सविस्तर लिहिलं, की कामूच्या कथांमधल्या या निनावी अरबांकडे वसाहतीच्या इतिहासाशिवाय बघता येणारच नाही. आणि मग 2013 मध्ये अल्जीरियाच्या कामेल दाऊदने एक कादंबरीच लिहिली, मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून. त्या भावाचं नाव हारून, आणि मेलेल्या माणसाचं नाव मुसा. सत्तर वर्षांनी त्याला नाव मिळालं. मी ती वाचल्यापासून हे गाणं मला पूर्वीसारखं ऐकताच येत नाही, गिटार सुरू झाली की मनात मुसा येतो. गाणं बिघडलं नाही त्याने, उलट भरलं.

आता ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून बघा की बँडने नंतर काय केलं. 1991 च्या आखाती युद्धाच्या वेळी गाणं पुन्हा वादात आलं. नोव्हेंबर 2001 मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स' आला, न्यूयॉर्कचे टॉवर पडून दोन महिने झाले होते, त्यात हे गाणं नाही, तो थेट 'बॉइज डोन्ट क्राय'ने सुरू होतो. 2004 मध्ये पहिल्या अल्बमची जादा गाण्यांसकट मोठी आवृत्ती आली, त्या काळातली कच्ची रेकॉर्डिंग्ज, घरी केलेले डेमो सगळं त्यात घातलं, पण पहिलं सिंगल नाही. 2001 चं मी एकवेळ समजू शकतो. त्या महिन्यांत अमेरिकेत दाढीवाल्या शीख माणसांवर पण अरब समजून हल्ले होत होते, बलबीर सिंग सोढी यांना ॲरिझोनात 15 सप्टेंबरला पेट्रोल पंपावर गोळ्या घालून मारलं. त्या वातावरणात हे गाणं नव्याने बाजारात आणणं मलाही नको वाटलं असतं. पण 2004 ची आवृत्ती ही जाणकारांसाठी, जुना इतिहास नीट लावायला म्हणून काढलेली, त्यात पुस्तिका असते, लेख असतो, पानंच्या पानं मजकूर असतो. तिथे जर खुलासा करायला जागा नसेल तर कुठे असणार?

आणि स्टेजवरचं तर मला अजिबात पटलं नाही. 2005 पासून गाणं परत वाजायला लागलं पण शब्द बदलून. आधी 'किसिंग ॲन अरब', मग 'किलिंग अनदर', मध्ये एकदा तर 'किलिंग ॲन अहाब', म्हणजे 'मोबी डिक' कादंबरीतला व्हेलच्या मागे लागलेला तो कॅप्टन. हेतू चांगला होता यात मला शंका नाही, गाणं गायचंय पण कोणाला दुखवायचं नाही. पण झालं काय? चाल तीच, बंदूक तीच, वाळू तीच, खून पण तोच, फक्त मेलेला माणूस अरब होता एवढंच पुसलं. कामूने त्याचं नाव काढून घेतलं होतं, स्टेजवर त्याची जमात पण काढून घेतली. आता तो 'दुसरा कोणीतरी' झाला. ज्या माणसाबद्दल संपूर्ण तक्रार ही होती की त्याला माणूस म्हणून मोजलं नाही, त्याला आपण आदराच्या नावाखाली अजून थोडं कमी केलं. जुलै 2018 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून मोठी कॉन्सर्ट झाली, त्यात हे गाणं सगळ्यात शेवटी वाजलं. गोष्ट जिथून सुरू झाली तिथे नेऊन संपवली, हे मला आवडलं, त्यांना स्वतःलाही हे गाणं टाकून देववत नाही हे त्यातून दिसतं.

कोणी म्हणेल, आणि हे मी हलक्यात घेत नाही, की तुला पुण्या-मुंबईत बसून बोलायला काय जातंय, ज्या पोराला शाळेत या गाण्याच्या नावाने चिडवलं त्याला विचार. बरोबर आहे. त्याला कामूशी, सईदशी, दाऊदशी देणंघेणं नाही, त्याला फक्त ते दोन शब्द आठवतात आणि मागे हसणारी चार तोंडं. त्याच्यासाठी गाणं नसतंच तर बरं झालं असतं. यावर माझ्याकडे त्याचं समाधान होईल असं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की गाणं यादीतून गाळल्याने त्याच्यावर झालेला अन्याय पण यादीतून गाळला जातो. आज पंचवीस वर्षांची मुलगी 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकते तेव्हा तिला कळतच नाही की 1987 मध्ये अरब-अमेरिकन लोकांनी एका रेकॉर्ड कंपनीला जाब विचारला होता आणि कंपनीला ऐकावं लागलं होतं. ॲलेक्स ओडेचं नाव तिच्यापर्यंत पोचत नाही. स्टिकर होता तेव्हा पोचायची निदान शक्यता होती, कोणीतरी विचारलं असतं की हा स्टिकर कशाला. गाणं गाळल्यावर वाद पण गेला, वाद घालणारे पण गेले, उरला फक्त गुळगुळीत बँड.

आपल्याकडे 'घाशीराम कोतवाल'वरून जे झालं ते इथे आठवतं. 1972 मध्ये पुण्यात नाटक आलं, नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून गदारोळ झाला, पीडीए या नाट्यसंस्थेने प्रयोग थांबवले, मग कलाकारांनी बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक परत उभं केलं. ती लढाई आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावी. पण मला त्यातला फरक पण दिसतो. नानांना नाव होतं, पेशवाईच्या इतिहासात पानंच्या पानं होती, पुण्यात त्यांच्या बाजूने उभी राहणारी वजनदार माणसं होती. किनाऱ्यावरच्या त्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून कलेच्या स्वातंत्र्याचा एकच नियम दोन्हीकडे लावून मोकळं होता येत नाही, ज्याची बाजू मांडायला कोणी नाही त्याच्यासाठी कलाकाराने आणि विकणाऱ्याने जास्त तोशीस घ्यायला हवी. गाणं ठेवायचं असेल तर स्पष्टीकरणाचा भार त्यांनी उचलायचा, दुखावलेल्याने नाही.

गाण्याबद्दल गाणं म्हणूनही दोन शब्द बोललंच पाहिजे, नाहीतर हा सगळा वाद कोणत्यातरी कागदावरचा वाटेल. सुरुवातीला सिंबलचा तो झणझणीत आवाज, मग गिटारवर ती वळणावळणाने खाली उतरणारी, 'पूर्वेकडची' वाटावी अशी केलेली सुरावट. खरं सांगायचं तर मला शब्दांपेक्षा ही सुरावट जास्त खटकते. इंग्रजी आणि हॉलिवूडच्या सिनेमात उंट, बाजार, गारुडी दाखवायचे असले की जी ठरीव धून वाजायची तिचीच ही भावकी. कामूच्या कादंबरीत असला काही थाट नाही, तिथे फक्त ऊन आहे. ही सजावट स्मिथने बाहेरून आणली, आणि शब्दांवर इतकी वर्षं भांडण झालं पण चालीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पण त्याच्या खाली डेम्प्सीचा बेस आणि टॉलहर्स्टचे साधे, कोरडे ड्रम्स इतके घट्ट आहेत की गाणं एका जागी उभं राहत नाही, आणि तो आवाज अजून पोरगेला आहे, पुढचा तो प्रसिद्ध हुंदका अजून यायचाय.

आणि मग लगेच दुसरं गाणं 'बॉइज डोन्ट क्राय'. पहिल्या गाण्यातल्या माणसाला काहीच वाटत नाही, दुसऱ्या गाण्यातल्या मुलाला इतकं वाटतंय की ते लपवताना त्याची दमछाक होतेय. ही दोन गाणी शेजारी ठेवली की पुढचा सगळा क्युअर समजतो, 'अ फॉरेस्ट'मध्ये झाडांत हरवलेला आवाज, 'प्रायमरी'चा तो पळता बेस, 'क्लोज टू मी'मधला धाप लागलेला श्वास. बधिर होण्याची भीती आणि फार वाटण्याची भीती यांच्यामध्ये हा बँड आयुष्यभर येरझाऱ्या घालतोय. पहिलं गाणं काढलं की त्या येरझाऱ्यांचं एक टोकच जातं, 2001 चा संग्रह मला म्हणूनच गोड पण अर्धा वाटतो.

राहिला आजचा प्रश्न. आता स्टिकर लावायला कव्हरच नाही. स्ट्रीमिंगवर गाणं येतं ते शफलमध्ये, कुठल्यातरी प्लेलिस्टमध्ये, आधीचं गाणं संपलं की आपोआप, म्हणजे ते रेकॉर्डपेक्षा रेडिओच्या जवळचं आहे, आणि 1987 चा तोडगा लावायचा तर म्हणावं लागेल की असं आपोआप वाजू देऊ नका. यात तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. स्ट्रीमिंगवाले गाण्याचे बोल दाखवतात, क्रेडिट्स दाखवतात, शिव्या असलेल्या गाण्यावर खूण करतात. मग या गाण्याखाली दहा ओळी दाखवायला काय हरकत आहे? ज्याला ऐकायचंय त्याने स्वतः शोधून ऐकावं, प्लेलिस्टने त्याच्या कानात सोडू नये.

डिसेंबर 2028 मध्ये या सिंगलला पन्नास वर्षं होतील. रेकॉर्ड कंपन्यांना वर्धापनदिन किती प्रिय असतात ते आपण बघतोच, त्यामुळे तेव्हा काहीतरी येईल, बॉक्स सेट म्हणा, रंगीत व्हायनल म्हणा. त्यात हे गाणं असावं, मूळ नावाने, मूळ शब्दांसकट आणि यादीत पहिलं. सोबतच्या पुस्तिकेत 1987 च्या स्टिकरचा मजकूर जसाच्या तसा छापावा, त्याखाली त्या संघटनेने तेव्हा काय म्हटलं होतं ते छापावं, ॲलेक्स ओडे यांच्याबद्दल एक पान असावं. आणि प्रस्तावना लिहायला कोणा इंग्लिश रॉक समीक्षकाला सांगू नये, अल्जीरियातल्या कोणाला तरी सांगावं, मग तो गाण्याबद्दल चांगलं लिहो की वाईट, जसं लिहील तसं, एक शब्दही न कापता.